रुक्मिणबाईंच्या स्वेटरचा गळा

स्वेटर त्या तीन वर्षांच्या पोरीच्या कानांवर अडकला आणि तिनं भोकाड पसरलं. अंबडच्या आमच्या विणकाम केंद्रातल्या बाया हातातल्या सुया थांबवून बघत होत्या. मी स्वेटर ओढून काढला आणि केंद्र चालवणाऱ्या मॅडमना म्हणालो, "बघा. गळा जात नाही."

ते खरं होतं. का जात नव्हता, ते आज लिहितो.

दसऱ्यानंतर आमच्याकडे सकाळी गारठा आणि दुपारी ऊन असतं. त्या दिवसांत लहान मुलांना बिनबाह्यांचा स्वेटर बरा पडतो. किती टाके घालायचे, कुठली ओळ सुलट, कुठली उलट, हे कागदावर मांडलं की त्याला आम्ही नमुना म्हणतो. केंद्रात दर वर्षी एक नमुना पास व्हायचा आणि वर्षभर बाया तोच विणायच्या. मी तिथला विणकाम मास्तर. तो माझाच असायचा.

त्या वर्षी हसनाबादच्या रुक्मिणबाईंनी नमुना दिला. घराणं मेंढपाळांचं, लोकर हातात खेळलेली. चौकटीच्या वहीत उभी रेघ म्हणजे सुलट टाका, टिंब म्हणजे उलट. छातीवर मेंढरांच्या वाटेसारखी नागमोडी वीण. आणि गळ्याला बटण नाही. ताणला की उघडतो, सोडला की मिटतो. तसा गळा मला उभ्या आयुष्यात जमला नव्हता.

पूर्वी टाका सुटला की बाया माझ्याकडे यायच्या. आता त्या रुक्मिणबाईंच्या भोवती बसायच्या. माझ्या टेबलाशी यायच्या त्या कात्री मागायला. माझ्या पोटात रोज दुखायचं.

त्यातून मॅडमनी ठरवलं होतं, की बाईंचा नमुना पास झाला तर हसनाबादला वर्ग काढायचा आणि तिथं त्यांनाच शिकवायला नेमायचं. त्यांची कापूस वेचणी सुटणार होती.

"मास्तर, दोन्ही नमुने तुम्हीच विणा आणि लेखी मत द्या," मॅडम म्हणाल्या.

"त्यात एक माझाच आहे."

"मग काय झालं? तुमच्याशिवाय जाणतं आहे कोण इथं?"

मी बाईंचा नमुना टाक्याला टाका विणला. गळ्याच्या शेवटच्या ओळीपाशी त्यांनी लिहिलं होतं: टाके बंद करताना जाड सुई घ्यावी. जाड सुईनं शेवटची ओळ सैल राहते आणि गळा ताणतो. मी ते दोनदा वाचलं. जाड सुई समोर होती. मी बारीक घेतली.

पोर रडत असताना रुक्मिणबाई पुढे आल्या. गळ्याच्या काठावरून अंगठा फिरवला.

"मास्तर, म्या जाड सुई लिहिल्ती."

"जाडच घेतली."

त्यांनी माझ्याकडे पाह्यलं. "मंग तुमचा हात लई घट्ट हाय," एवढंच म्हणाल्या.

मी मत लिहिलं: गळा अरुंद, नमुना अयोग्य. माझा पास झाला. वर्ग निघाला नाही. बाई पुन्हा केंद्रात आल्या नाहीत.

काही वर्षांनी मी निवृत्त झालो. गेल्या महिन्यात तोच नमुना पुन्हा विणायला घेतला. या वेळी जाड सुई घेतली. स्वेटर आणि नवं लेखी मत घेऊन एसटीनं हसनाबादला गेलो. रुक्मिणबाई अंगणात सरकी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी नातीला हाक मारली आणि स्वेटर तिच्या डोक्यातून घातला. सरळ खाली उतरला.

"हे मला कशाला सांगून राह्यले, मास्तर? मला तव्हाच माहीत होतं. ज्यायला माहीत न्हाई त्यायला सांगा."

"चुकलो, बाई."

"चुकले न्हाई. चुकले असते तर उसवून पुन्हा विणला असता."

चहा दिला त्यांनी. स्वेटर मात्र घडी करून परत दिला.

दुसऱ्या दिवशी अंबडला गेलो. आता तिथं नव्या मॅडम आहेत. त्यांनी मत वाचलं, फाइलला लावलं. म्हणाल्या, "या वर्षीचा नमुना ठरला, सर. तुमचाच जुना आहे." माझ्या नमुन्याच्या गळ्याला तीन बटणं आहेत. पहिल्या धुण्यात एक तरी तुटतं.

म्हणून हे इथं लिहिलं. जो नमुन्यावर मत देणार, त्याचा स्वतःचा नमुना त्याच टेबलावर असू नये. आणि मत मागण्याआधी त्याच्या हातातली सुई बघून घ्यावी.