मुकादमाचं भुंकणं

आत्याच्या घरी एकच नियम होता. चप्पल पायात घालण्याआधी झटकायची. बाकी कुठेही लोळा, कितीही वेळ झोपा, फक्त उशी उचलून बघा. आम्ही भाचरं यावरून तिची टिंगल करायचो. ती म्हणायची, "हसा, हसा. पण माझ्या घरी आजवर कुणाला काही चावलंय का? डास सोडून सांगा."

खरंच कुणाला काही चावलं नव्हतं. वस्तीपासून लांब एकटं घर, मागे ओढा, आणि आत्याचा धंदा वेताच्या खुर्च्या विणण्याचा. वेत भिजल्याशिवाय वाकत नाही, म्हणून मागच्या खोलीत सिमेंटची टाकी कायम भरलेली आणि भिंतीला वेताच्या मोळ्या रचलेल्या. ओल आली की किडे येतात, किड्यांमागे पाली आणि बेडूक, आणि त्यांच्यामागे साप. ही सगळी वंशावळ आत्याला पाठ होती. पालींना ती घरच्या माणसांसारखं वागवायची, म्हणजे येता-जाता शिव्या घालायची. शेपूट तुटलेल्या एका पालीचं नाव तिने 'सासूबाई' ठेवलं होतं, कारण ती कायम ओट्याच्या वर बसून खाली काय शिजतंय ते बघत असे.

सापांचं खातं मात्र कुत्र्यांकडे होतं. आत्याचे यजमान वारले तेव्हा तीन कुत्री होती. त्यातला शेवटी एक उरला, मुकादम. स्वतः काही करायचं नाही, नुसतं उभं राहून ओरडायचं, म्हणून हे नाव. पण त्याच्या ओरडण्यात फरक असे. पाल किंवा सरडा दिसला की तो उड्या मारत, तुटक तुटक भुंकायचा, शेपूट हलवत. साप असला की पाय रोवून, मान खाली घालून, एकसारखा. आत्या विणता विणता ऐकायची. पहिलं भुंकणं असेल तर म्हणायची, "पुरे रे." दुसरं असेल तर हातातला वेत खाली ठेवून उठायची आणि जमिनीवर काठी आपटायची. साप आपल्या वाटेने निघून जायचा. तिने उभ्या आयुष्यात एक साप मारला नाही. दयाबिया काही नाही. म्हणायची, "मारायला जवळ जावं लागतं ना."

तिची लेक शहरात. लेकीला मुलगी झाली आणि तिने हट्टच धरला. "आई, तूच इकडे ये. त्या सापांच्या घरात मी बाळाला आणणार नाही." आत्याला जायचं नव्हतं. लेकीच्या इमारतीत कुत्रा चालत नव्हता. आणि वेताशिवाय हातांचं करायचं काय? पण नातीला मांडीवर घ्यायला तिचा जीव तुटत होता. "एकदा येऊन तर बघ," तिने इतक्या वेळा विनवलं की लेक शेवटी तयार झाली. आत्याने घर घासूनपुसून काढलं, दारांच्या फटी बुजवल्या, सासूबाईंनाही झाडूने बाहेरचा रस्ता दाखवला.

नेमका त्याच सुमारास मुकादम मागच्या खोलीतल्या मोळ्यांकडे बघून भुंकू लागला. पाय रोवून.

आत्याने साप पकडणाऱ्याला बोलावलं. त्याने वरच्या मोळ्या हलवल्या, एक पाल टुणकन बाहेर पडली. पुन्हा बोलावलं, तेव्हा सरडा निघाला. तो हसला. "आजी, कुत्रं म्हातारं झालंय तुमचं. साप म्हणून भुई धोपटतंय." खालच्या मोळ्या त्याने उचलल्याच नाहीत. कडक इस्त्रीचा शर्ट होता अंगात. त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. आत्याने मात्र त्याचं लगेच मानलं, कारण तिला तेच ऐकायचं होतं.

लेक आली. जेवणं झाली, बाळ झोपलं, आणि मुकादमाने सुरुवात केली. बाळ दचकून रडायला लागलं.

"आई, काय आहे तिकडे? साप आहे का?"

"साप कसला! पाल असेल. म्हातारा झालाय तो," आत्या म्हणाली. उठून न बघता ती असं पहिल्यांदाच बोलली.

बाळ थांबेना. मागच्या खोलीचं दार जाडजूड, आवाज बाहेर फारसा यायचा नाही, म्हणून तिने मुकादमाला तिथेच कोंडायचं ठरवलं. तो उंबऱ्यावर अडून बसला. तिचं म्हणणं त्याने कधी मोडलं नव्हतं. तिने मागून गुडघा लावून त्याला आत ढकललं आणि कडी घातली.

आतून थोडा वेळ भुंकणं ऐकू आलं, मग बारीक झालं, मग थांबलं.

"झोपला वाटतं," लेक म्हणाली. "किती शांत वाटतंय गं आता."

"मग? आठवडाभर राहा की," आत्या म्हणाली. नात मांडीवर झोपली होती. "आई त्या दुपारी जितकी सुखात होती तितकी मी तिला कधी पाहिली नाही," असं लेक सांगते. जन्म पालींत काढलेल्या बाईच्या मनात तेवढा वेळ शंकेची पाल चुकचुकली नाही.

उन्हं उतरल्यावर ती त्याची ताटली घेऊन गेली. मुकादम दाराला लागूनच पडला होता. तोंड सुजून भोपळा झालेलं, अंग गार. दाराच्या फळीवर आतल्या बाजूने नखांचे ओरखडे होते. खालच्या मोळीमागे साप अजून वेटोळं घालून बसलेला. आत्याने काठी शोधली नाही. ती मुकादमाजवळ खाली बसली. लेकीने तिला खांद्याला धरून ओढत बाहेर आणलं.

आता ती लेकीकडेच असते, तिसऱ्या मजल्यावर. नात बोलायला लागली आहे, पण आत्याचं तिच्याकडे लक्ष नसतं. खाली रस्त्यावर कुत्री दिवसभर कशालाही भुंकतात. दरवेळी आत्या उठते. तोंडात घास असला तरी उठते, दुखऱ्या गुडघ्यांनी कठडा धरत तिन्ही मजले उतरते आणि कुत्रं बघतंय तिकडे जाऊन बघते. स्कूटर असते, मांजर असतं, बहुतेक वेळा काहीच नसतं. वर येऊन धापा टाकत बसते, तोवर पुन्हा कुणीतरी भुंकतं. जावई वैतागलाय. लेक स्वयंपाकघरात जाऊन रडते.

परवा मी गेलो होतो तेव्हाही ती निघाली. मी तिचा हात धरला. "आत्या, काही नसतं गं तिथे."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. तिने हात सोडवून घेतला, चप्पल उचलली, झटकली आणि पायात घातली. "पण त्याने बोलावलं होतं रे. मी गेले नाही."