कमलबाईंचा खडा

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

धुळ्यातल्या एका लॅबमध्ये मी मूतखडे तपासतो. खड्याची पूड करायची, यंत्रात ठेवायची. त्यातून इन्फ्रारेड प्रकाश जातो आणि पडद्यावर आलेख उमटतो. खडा कशाचा झालाय ते त्यावरून कळतं. यंत्र सहसा चुकत नाही. माणसाचं काय?

कमलबाई सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून आल्या होत्या. कंबरेतून कळा येत होत्या. खडा पडला की तपासायला आणा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. डबी मी दिली. लघवी फडक्यातून गाळून घ्या, हे सांगणं माझं काम — पण त्या दिवशी गर्दी होती. की कंटाळा आला होता? कंटाळाच आला होता.

पंधरा दिवसांनी त्या नवऱ्याबरोबर आल्या. डबीतल्या खड्याचा आलेख सरळसरळ वाळूचा निघाला. उघड्यावर बसलेल्या बाईने मातीत चाचपून हाताला लागलं ते उचललं असणार — हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं होतं, आणि तरी मी हसलो. नवऱ्यासमोर.

"भाऊ, हा मूतखडा नाहीच, नदीतली वाळू आहे. बाईंनी फसवलं तुम्हाला."

बाकावरचे लोकही हसले. नवरा हसला नाही. "कापूस येचाना टाइमलेच दुखस तुनी कंबर," एवढंच म्हणाला, आणि डॉक्टरांना न भेटताच बायकोला घेऊन गेला.

मागे धावत जाऊन, चूक माझी आहे, हे सांगता आलं असतं. ते अजून जिन्यातच होते. मी पुढची डबी उघडली.

दोन वर्षांनी कमलबाईंना त्यांचा माहेरचा भाऊ घेऊन आला. कळ आली की सासरी सगळे 'वाळू, वाळू' म्हणून हिणवायचे, दवाखान्यात कुणी नेलं नाही — हे त्यानेच सांगितलं. डावी किडनी निकामी झालेली. ती काढावी लागली. आतला खडा तपासायला माझ्याकडेच आला. कॅल्शियम ऑक्झलेट.

रिपोर्ट न्यायला त्या स्वतः आल्या, भिंतीचा आधार घेत.

"हाऊ खडा तरी खरा शे ना, भाऊ?"

"हो," म्हणालो. रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी माझ्यादेखत विचारलं, "बाई, इतके दिवस अंगावर का काढलंत?"

कमलबाईंनी रिपोर्टसाठी हात पुढे केला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उत्तर माझ्याजवळ होतं. मी रिपोर्टची घडी घातली, तो पाकिटात सरकवला आणि त्यांच्या हातात दिला.