पाव्हणा साबुदाणा आणि टेकाळे सर

टेकाळे सरांच्या शेजारी जेवायला बसणं म्हणजे जेवणाआधी पाहुण्यांची ओळखपरेड. अमडापूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो, ते इतिहास. डबा उघडला की ते आधी त्यातली मिरची उचलून धरत आणि तिचा वंश सांगत. "ही समुद्रापलीकडून आलेली. पाव्हणी म्हणून आली अन् घरची सून होऊन बसली. बटाटा मात्र घरजावई. कोणाशीही जमवून घेते, काम काही करत नाही." आमच्याकडे टोमॅटोला भेदरं म्हणतात, त्यावरून ते म्हणायचे की इतकं अस्सल वऱ्हाडी नाव घेऊन बसलेला पाव्हणा दुसरा नाही.

ज्वारीवर त्यांची श्रद्धा होती. तीही बाहेरची, आफ्रिकेतली, हे ते लपवत नसत. "पण आली त्याले इतकी हजार वर्सं झाली, की आता तिचं माहेर कोणी विचारत नाही," हे वर असे. अंबाडीने तोंडाला चव येते, जवसाच्या चटणीने सांधे कुरकुरत नाहीत, भाकरीने पोट हलकं राहतं, असं बरंच काही ते सांगत. यातलं किती खरं, हे मी विज्ञानाचा मास्तर असूनही छातीठोकपणे सांगू शकत नसे. ते मात्र सांगत, आणि सांगताना समोरच्याची भाजी गार होई.

त्यांचं हे सगळं ज्ञान घरी मात्र अडलं होतं. वहिनींना, म्हणजे सरांच्या बायकोला, साखरेचा आजार होता आणि उपास फार. गुरुवार, चतुर्थी, एकादशी, त्यात श्रावण. उपासाला साबुदाण्याची उसळ आणि बटाट्याचा कीस, म्हणजे ज्या दिवशी खायचं नाही त्याच दिवशी साखर सगळ्यात वर. चिखलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की असंच चाललं तर डोळ्यांवर जाईल. वहिनींनी गोळ्या घ्यायचं कबूल केलं, पण उपास सोडायचं नाव काढू नका म्हणाल्या. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि सरांनीही विचारलं नाही. इतिहासाच्या माणसाला कुठून आणि केव्हा हेच प्रश्न पडायचे.

मग महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी गावातल्या महिला मंडळाने सरांना आहार आणि आरोग्य या विषयावर बोलायला बोलावलं. सरांनी स्टेजवर उपासाचं भरलेलं ताट मागवलं आणि एकेक जिन्नस बाजूला काढायला सुरुवात केली. साबुदाणा बाहेरचा, बटाटा बाहेरचा, रताळं, शेंगदाणा, मिरची, एवढंच काय राजगिराही बाहेरचा. ताटात शेवटी भगर आणि दही उरलं. शास्त्रं लिहिली तेव्हा बाकीचं इथे नव्हतंच, मग ते उपासाला चालतं कसं, असा सरांचा सवाल. बाया पोट धरून हसल्या. पहिल्या रांगेतल्या वहिनींना शेजारणीने मोठ्याने विचारलं, "म्हंजे तुमचा उपास रोजच मोडत होता का वो?" पुन्हा हशा झाला. वहिनी पदर सावरून बसून राहिल्या.

त्या दिवसापासून घरात साबुदाणा येणं बंद झालं. सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. साबुदाण्याच्या जागी काय आलं, हे त्यांनी पाहिलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. काहीच आलं नव्हतं. उपास मोडतो म्हणतात ना, मग खायचंच नाही, असं वहिनींनी मनाशी ठरवून टाकलं होतं. सकाळची गोळी मात्र नेमाने घेत. पुढच्या एकादशीला दुपारी शेजारणीला त्या चुलीपाशी पडलेल्या दिसल्या. साखर पार खाली गेली होती.

दवाखान्याच्या बाकावर मी सरांशेजारी बसलो होतो. ते म्हणाले, "साबुदाणा कुठून आला ते मी साऱ्या गावाले सांगतलं. बायको उपाशी हाये, हे मले घरात दिसलं नाही." एरवी बोलण्यात कुणाला हार न जाणारा तो माणूस त्या दिवशी इतका लहान दिसला की मला त्यांच्याकडे बघवेना.

वहिनी घरी आल्या तेव्हा सरांनी स्वतः किराणा दुकानातून साबुदाणा आणला. डॉक्टरांना विचारून बेत ठरला: भगर आणि दही, वर हौसेपुरती दोन घास उसळ. सर स्वतः तेच ताट घेऊन समोर बसू लागले. बाहेर पाव्हण्यांच्या ओळखी चालूच राहिल्या, घरात मात्र पुन्हा कधी कुणाचं माहेर निघालं नाही. साखर तरीही वरखाली होतच राहिली.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले, आणि गाडी चिखलीला पोचायच्या आत सगळं संपलं. त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी वहिनींना भेटायला गेलो. एकादशी होती, म्हणून बायकोने भगरीचा डबा बांधून दिला होता. वहिनी स्वयंपाकघरात जेवत होत्या. ताटात ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. त्यांचा दिवस चुकला असेल असं वाटून मी हळूच म्हणालो, "वहिनी, आज एकादशी आहे."

"हाव, मालूम हाये," त्या म्हणाल्या. "सारे उपास त्यायच्याचसाठी धरत होती मी. त्यायले आयुष्य मिळावं म्हणून. आता कोणासाठी धरू, भाऊ?"

त्यांनी मला पाट सरकवला, भाकर वाढली, आणि स्वतःच्या ताटातला तुकडा मोडता मोडता म्हणाल्या, "डॉक्टर म्हणते, साखर आता एकदम बरोबर हाये."