येतो

चंपतराव सर कुणाच्याही घरून उठताना "जातो" म्हणत. आपल्याकडं मेलेलं माणूस जातं. जिवंत माणूस "येतो" म्हणूनच उंबरठा ओलांडतं. रुखमाबाई नवऱ्यावर चिडत. "काहून असं अभद्र बोलता जी? लोक तुमच्या मागं दारात पाणी शिंपडत असतील." सर खाली बघून चपला घालत.

सहलीची बस कुहीला चहासाठी थांबली की पोरं चढून बसल्यावरही सर खालीच उभे राहत. ड्रायव्हर नत्थू दरवर्षी हॉर्न वाजवी. "सर, कोणाची वाट पाहून राहिले जी? गिनती तं तीनदा झाली!" पोरं हसत. सर रस्त्याच्या वळणाकडं पाहत राहत.

बाहत्तर सालापर्यंत तेही "येतो"च म्हणत.

सक्करदऱ्याच्या त्यांच्या शाळेतला इतिहास-भूगोल विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, नकाशांच्या गुंडाळ्या, इतिहासाचे चंपतराव आणि भूगोलाच्या प्रेमिलाबाई. जूनमध्ये दोघं मिळून वर्ष आखत. पावसाळ्यात तलावाचा नकाशा, दिवाळीनंतर एखादा किल्ला, जानेवारीत पवनीचं उत्खनन. नववीतल्या गोपिकानं सबंध तलाव पावलांनी मोजला होता. चुकली तिथून पुन्हा मोजला. तिचा नकाशा सरांनी खोलीत खिळ्याला टांगला. तिचा बाप चंद्रभान गिरणीत कामाला. सातवीनंतरच तो पोरीला घरी बसवणार होता. सरांच्या शब्दावर थांबला.

बाहत्तरच्या जानेवारीत पवनीला खणलेल्या मातीत पोरांनी दोन हजार वर्षांपूर्वीच्या विटा पाहिल्या. परतताना बस कुहीला थांबली. शनिवार होता. गोपिकाच्या मामाचं घर मागच्याच गल्लीत. ती सरांपाशी आली.

"येतो, सर." आपल्याकडं पोरीही "येतो"च म्हणतात.

"बरं, ये," सर म्हणाले.

रविवारी मामाकडं राहणार, असं त्यांनी धरलं. वहीत तिच्या नावापुढं लिहिलं : कुहीस उतरली. बस निघाली.

मामाच्या दाराला कुलूप होतं. गोपिका दहा मिनिटांत परतली, तेव्हा रस्त्यावर नुसता डिझेलचा वास होता. दुसऱ्या दिवशी पहाटे ती भाजीच्या ट्रकमधून घरापुढं उतरली. साऱ्या मोहल्ल्यानं पाहिलं.

सोमवारी मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. त्याआधीच वर्गातल्या देवकीनं सरांना सांगितलं होतं, "सर, ते तं मामीले भेटून वापस येणार होती. तुमाले सांगून गेली ना!" सरांना सगळं कळलं. तरी त्यांनी लिहिलं : 'विद्यार्थिनी निरोप घेऊन स्वेच्छेने उतरली.' नोकरी होती. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

मुख्याध्यापकांनी तो कागद चंद्रभानला वाचून दाखवला. मंगळवारपासून गोपिकाचा बाक रिकामा.

आठ दिवस सरांना जिन्यावर पावलं ऐकू येत. मोजत चढणारी. नवव्या दिवशी ते तिच्या घरी गेले. चंद्रभाननं बाज झटकून दिली, पण स्वतः उभाच राहिला.

"चूक माझी झाली, चंद्रभानजी. ती परत येते म्हणत होती, मला वाटलं निरोप घेते. तिला शाळेत पाठवा."

"पर कागदावर तं दुसरंच होतं, गुरुजी. मर्जीनं उतरली म्हणून. कागद खोटा का तुमी खोटे?"

सरांच्या तोंडात उत्तर तयार होतं. मी खोटा. दोनच शब्द. दुसरा कागद लिहिला असता, तर त्या शब्दांना मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का लागला असता. आणि खोटं लिहिलं म्हणून त्यांचं नाव शाळेतून गेलं असतं. ते बाजेची दोरी बोटाला गुंडाळत बसले.

"बोला नं," चंद्रभान म्हणाला. मग खालच्या आवाजात, "जाऊ द्या. कामठीची सोयरीक आली हाय. लोकं काय काय बोलून राहिले, तुमाले काय सांगू."

आतल्या पडद्यामागं बांगड्या हलल्या नि थांबल्या.

सर उठले. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "येतो."

पडद्याआडून गोपिकाचा आवाज आला. त्यात राग नव्हता. वर्गात शंका विचारायची तसाच तो होता.

"म्हणजे जाता का वापस येता, सर?"

सरांनी एक चप्पल घातली होती. दुसरी समोरच पडलेली होती, तरी त्यांना सापडेना.