इतवारीतल्या दुकानाचा बिनदिव्याचा कोपरा

माझं कामच उजेडाचं. कुठल्या खोलीत दिवा कुठे लावायचा, सावली कुठे पडू द्यायची, हे ठरवायचं. भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. कुणी तसला किस्सा सांगू लागलं की मी आधी विचारते — बल्ब किती वॅटचा होता? बहुतेक किस्से तिथेच आटोपतात. हा मात्र माझा स्वतःचा, आणि तो आटोपत नाही...

सत्तरचं दशक सरत आलं होतं. नागपुरात 'लाइटिंग डिझाइन' म्हटलं की लोकांना लग्नाची रोषणाई आठवायची. माझे बाबा उमरेडचे विणकर. डोळ्यांचा पडदा खराब झाला, रंग एकमेकांत मिसळू लागले, आणि माग सोडून ते माझ्याकडे राहायला आले. धंतोलीतल्या डॉक्टरांनी हात टेकले. मी हट्टाला पेटले. डोळा सुधारत नसेल तर उजेड सुधारू! बाबांना रंग दिसेल असा उजेड मी करणारच होते.

त्याच सुमारास इतवारीतल्या एका साडीच्या दुकानाचं काम आलं. सेठजींचं रडगाणं एकच.

"म्याडम, आत कितीबी ट्यूबलाइट लावा, बाया साडी घेऊन ओट्यावर जातेच. उन्हात पाह्यल्याबिगर घेतच नाही!"

बायांचं बरोबर होतं. ट्यूबखाली लाल मरतो, बल्बखाली निळा काळपट होतो. मी दोन्ही मिसळून पाहिले, भिंत दोनदा रंगवली. बाया तरी ओट्यावरच!

मग एक दिवस त्या ओट्यावर जायच्या थांबल्या. मी खूश... पण त्या जात होत्या मागच्या कोपऱ्यात, खांबाआड, जिथे मी दिवाच लावला नव्हता.

"इथं रंग बराबर दिसते," एक बाई सहज म्हणाली.

खिडकी नाही. भिंतीपलीकडे गोदाम. वर पक्का स्लॅब. तरी तिथे कोवळ्या उन्हासारखा उजेड होता. मी मेन स्विच बंद केला. दुकान अंधारलं — तो कोपरा नाही.

घाबरायला हवं होतं. मी रिक्षा केली आणि बाबांना घेऊन आले.

"काहून आणलं वं इथं?" ते कुरकुरले. मी काही न सांगता त्यांना कोपऱ्यात उभं केलं, हातात एक साडी दिली. त्यांनी पदर डोळ्यांजवळ नेला.

"डाळिंबी. काठ हिरवा... अन् हे पाह्य, इथं धागा सुटला."

मी पाहिलं. सुटला होता. मग त्यांनी मान वर केली.

"किती वाळली वं तू! जेवत नाही का?"

भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मी ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. कोपऱ्यात अंधार, बाया ओट्यावर. मी खांबाभोवती चाचपडत राहिले.

"राहू दे, पोरी," बाबा म्हणाले. "पाहून झालं माह्यं."

माझं झालं नव्हतं. उजेड मोजायचं मीटर लावून तो कोपरा तपासला, इंजिनिअर आणले, घरी तसा उजेड करायला कितीतरी महिने घालवले. जमलं नाही. बाबा गेले. तो उजेड कुठून आला, ते आजही मला सांगता येत नाही, आणि शोधणं मी सोडलेलंही नाही.

तेव्हापासून प्रत्येक नकाशात मी एक कोपरा बिनदिव्याचा ठेवते. "म्याडम, इथे दिवा विसरलात का?" लोक विचारतात.

विसरले नाही, म्हणते. असू द्या. कुणाच्या तरी बाबांना लागेल.