झुल्कुफ उस्ताच्या पाळीचा गुरुवार

तुर्कस्तानातल्या उर्फा शहराच्या तांबट आळीतला कसबी कारागीर झुल्कुफ उस्ता अंगाने एवढासा, पण गायला लागला की गल्लीच्या टोकाचं कुत्रंसुद्धा कान टवकारून बसायचं. हिवाळा लागला की दर गुरुवारी मित्रांची बैठक भरायची, पाळीपाळीने एकेकाच्या घरी. गाणं, गप्पा आणि खायला दोनच जिन्नस: मांस आणि दलिया लाल मिरची घालून मळलेला, न शिजवताच खायचा कच्चा कोफ्ता आणि शेवटी अक्रोडाची गोड पोळी. तिसरा जिन्नस ठेवायचा नाही. गरिबाच्या पाळीला त्याची मान खाली जाऊ नये, म्हणून वाडवडिलांनी घातलेला नेम.

त्या वर्षी फिक्रेत नावाचा ठेकेदार बैठकीत नवा आलेला. आपल्या पाळीला त्याने मधोमध अख्खं भाजलेलं कोकरूच आणून ठेवलं! त्या वासाने भल्याभल्यांची अक्कल गहाण पडली. बैठकीचे प्रमुख रेशित आगा यांनी तर बिस्मिल्ला म्हणून तंगडी उचललीसुद्धा.

झुल्कुफ हाताची घडी घालून बसला. पुढची पाळी त्याची. आज हे चाललं, तर उद्या त्याच्या एका खोलीत कोफ्ता खायला कोण येणार?

"घ्या की उस्ता! लाजता काय नव्या नवरीसारखे?" फिक्रेत म्हणाला.

"मी याला शिवायचा नाही."

"बरं, गा तरी."

"आधी कोकरू बाहेर, मग गाणं."

"अरे झुल्कुफ, एखाद्या दिवशी चालतंय," आगा घास गिळत म्हणाले.

"आगा, नेम सांगायचा तुम्ही आणि तंगडी धरायची तीही तुम्हीच?"

सगळे फिस्सकन हसले. फिक्रेतचा मात्र भडका उडाला. "माझ्याच घरात मला शिकवतोस? जा, तुझी पाळी बंद!"

"बंद करणारा तू कोण रे? माझं दार सताड उघडं असेल. ज्याला जिभेपेक्षा माणूस मोठा वाटेल, तो येईल." झुल्कुफने जोडे चढवले आणि चालू लागला. गाणाराच गेला म्हटल्यावर वाजवणारे काय करणार? कोकरावरची चरबी थिजून गेली.

गुरुवार उजाडला. बायको हेदिये म्हणाली, "कुणीच नाही आलं तर?"

"तर तुला गाऊन दाखवीन. लग्नापासून तू बैठकीचं गाणं शेजारच्या घरात बसून भिंतीपलीकडूनच ऐकत आलीस."

संध्याकाळी एकेक करून मंडळी आली. आगांनी पोट बिघडल्याचा निरोप धाडला. कोकरू पचलं नव्हतं म्हणे! सगळ्यांत शेवटी फिक्रेत, हातात झाकलेलं भलंमोठं ताट.

झुल्कुफ उंबऱ्यात वाट अडवून उभा राहिला. "ताट बाहेर. माणूस आत."

"अहो उस्ता, नुसती मिठाई आहे."

"बाहेर."

फिक्रेतने आत पाहिलं. कुणी त्याची बाजू घेईना. शेवटी ताट पायरीवर ठेवून तो आत आला, तशी झुल्कुफने कोफ्त्याची परात त्याच्यापुढे सरकवली.

"बाह्या वर कर आणि मळ. वर फेकलेला गोळा आढ्याला चिकटून राहीपर्यंत थांबायचं नाही."

आणि दार उघडंच ठेवून त्याने पहिली तान घेतली.