न कापलेला कोपरा

माझी शाळा तिसरीत सुटली, पण एकदा ऐकलेलं मी विसरत नाही. तरणा होतो तेव्हा माजरीच्या खाणीत कामाला होतो. शेजारच्या क्वार्टरात कोकणातला एक फिटर राहायचा. धर्मानं यहुदी, बोलणं मराठी. त्याच्या लोकांत गव्हाच्या कापणीचा सण असतो. त्या दिवशी एका विधवा सुनेची पोथी वाचतात. आसपास त्याच्या धर्माचं कोणी नव्हतं, म्हणून तो मलेच समोर बसवून वाचायचा.

सून परक्या मुलखातली. नवरा मेला तरी तिनं सासूला सोडलं नाही. सासूच्या गावी येऊन दुसऱ्याच्या वावरात सरवा वेचू लागली, कापताना गळालेल्या लोंब्या. मालकानं पाहिलं आणि मजुरांना सांगितलं, पेंढीतल्या चार लोंब्या मुद्दाम पाडा, तिला बोलू नका. पुढं त्यानंच तिच्याशी लग्न केलं.

फिटर म्हणायचा, "आमच्या मोठ्या राजाची पणजी सरवा वेचणारी होती, हे दर वर्षी वाचतो आम्ही. आणि शास्त्राचा हुकूमच आहे, वावराचा कोपरा कापायचा नाही. तो गरिबाचा."

राजाचं मले काही नाही. कोपरा पटला. गोंडपिपरीकडं गावी परतून धान लावलं, तेव्हापासून धुऱ्याकडचा, बांधाला लागून असलेला कोपरा मी कापला नाही.

यंदा पोरानं हार्वेस्टर आणला. आमच्या गल्लीतली विधवा बाई विळा घेऊन धुऱ्यावर उभी होती. कोपऱ्याचं धान दर वर्षी तीच नेते. पोरगा म्हणाला, "बाबा, मशीन कोपरा सोडत नाई. काकूले पायलीभर तांदूळ देऊन टाकू."

बाई म्हणाली, "मी मांगाले नाई आली. कापाले आली."

मी जाऊन कोपऱ्यातल्या धानात बसलो. मशीन माझ्यासमोर थांबली. ड्रायव्हर वरून म्हणाला, "बाबाजी, हटो. टाइम का पैसा लगता है."

"लगने दे."

पोरगा धावत आला. "काऊन तमाशा करून राह्यले, बाबा? त्या फिटरचा देव काय आपला देव आहे?"

"देव नसंल. वावर तर माहं आहे ना?"

पोरानं ड्रायव्हरला वळायचा हात केला. ड्रायव्हरनं मशीन वळवली. तरी मी हललो नाही.

"अन् पुढच्या वर्षी?" पोरगा म्हणाला.

"पुढच्या वर्षी मशीन यायच्या आधी बसतो."

बाई खाली उतरली, विळा चालवू लागली. माझ्याभोवतीचं सगळं कापून झालं तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "उठा आता, भाऊ. तुमच्या बुडाखालचं राह्यलं."